डेबियनवर नेटवर्क जोडताना: तार, पत्ता, वाट आणि नाव

जुन्या संगणकावर डेबियन ही लिनक्सवर आधारलेली कार्यप्रणाली बसवून तो शाळेच्या, वाचनालयाच्या किंवा छोट्या कार्यालयाच्या कामाला लावणारे बरेच जण शेवटच्या टप्प्यावर एकाच वाक्यापाशी अडतात: “नेट चालत नाही.” हे वाक्य ऐकले की नेमके काय चालत नाही, हे मी आधी विचारतो. संगणक नेटवर्कमध्ये यायचा तर चार गोष्टी एकामागून एक जुळाव्या लागतात. नेटवर्क कार्डाला तारेतून संकेत मिळायला हवा, संगणकाला स्वतःचा पत्ता हवा, त्या पत्त्यावरून बाहेर पडायची वाट ठाऊक हवी आणि संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता सांगणारा कोणीतरी हवा. आधीची पायरी पक्की नसताना पुढची तपासण्यात अर्थ नसतो. गाडी कुठे अडली ते न पाहता सेटिंग बदलत सुटले, तर एका चुकीच्या तीन चुका होतात आणि मूळची कोणती हेही मग सापडत नाही.

पुढची सर्व माहिती डेबियन १२ आणि डेबियन १३ या आवृत्त्यांना धरून आहे. पहिली जून २०२३ मध्ये आली आणि दुसरी ऑगस्ट २०२५ मध्ये. संगणकावर डेस्कटॉप बसवलेला नाही, समोर काळा पडदा आहे आणि जोडणी तारेची आहे, असे मी गृहीत धरतो. वायफायकडे शेवटी येऊ. कमांड आणि फाइलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टंकताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहावीत आणि आकडे इंग्रजी घ्यावेत. जेथे स्पेलिंग चुकण्याची शक्यता आहे, तेथे ते वेगळे सांगितले आहे.

पहिली अडचण बहुतेकांना कमांड देण्याआधीच येते. डेबियन बसवताना रूटचा, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या प्रशासकाचा, पासवर्ड दिला असेल, तर ते अधिकार तात्पुरते वापरू देणारी सुडू ही सोय आपोआप बसत नाही आणि रूट होण्यासाठी एसयू ही कमांड वापरावी लागते. ती देताना एसयू, मग एक मोकळी जागा आणि मग आडवी रेघ, असे लिहावे:

एसयू -

ही रेघ गाळू नये. डेबियन १० पासून नुसत्या एसयूने रूटचे अधिकार मिळतात, पण प्रशासकाच्या कमांड ज्या फोल्डरांत असतात ती शोधमार्गात येत नाहीत. मग इफअप (जोडणी उभी करणारी कमांड) लिहिले की “कमांड नॉट फाउंड” असे उत्तर येते आणि वापरणाऱ्याला वाटते की कमांडच बसलेली नाही. आणखी एक, जुन्या पुस्तकांत सर्वत्र दिसणारी आयएफकॉन्फिग ही कमांड डेबियनमध्ये आता मुळात नसते. ती ज्या नेट-टूल्स पॅकेजमध्ये आहे, ते २०१७ च्या नवव्या आवृत्तीपासून आपोआप बसवले जात नाही. तिचे काम आयपी ही कमांड करते. जुनी सवय सोडून तीच शिकावी, असे माझे मत आहे.

तार आणि कार्ड

रूट झाल्यावर पहिली कमांड द्यावी:

आयपी लिंक

उत्तरात निदान दोन नोंदी दिसायला हव्यात. एलओ ही पहिली नोंद संगणकाचा स्वतःशी संवाद राहावा म्हणून असते आणि तिला हात लावायचा नसतो. दुसरी नोंद खऱ्या कार्डाची असते व तिचे नाव ईएनपी३एस० अशा धाटणीचे असते. नाव विचित्र दिसले तरी त्यात माहिती आहे: ईएन म्हणजे इथरनेट, पी३ म्हणजे पीसीआय बस क्रमांक ३ आणि एस० म्हणजे स्लॉट क्रमांक ०. पूर्वी कार्डांना ईटीएच०, ईटीएच१ अशी नावे मिळत. दोन कार्डे असली, तर संगणक पुन्हा सुरू केल्यावर त्यांची अदलाबदल होण्याची भीती असे. आता नाव जागेवरून ठरते, त्यामुळे ती भीती उरली नाही. तुमच्या संगणकावर जे नाव दिसेल ते अक्षर न् अक्षर वहीत उतरवून घ्यावे. पुढे मी ईएनपी३एस० लिहीन, तेथे तुमचे नाव घालावे.

आता त्या नोंदीतील कंसातले शब्द पाहावेत. कार्ड बंद अवस्थेत असेल तर कंसात “अप” हा शब्द नसतो, म्हणून आधी ते उठवावे:

आयपी लिंक सेट ईएनपी३एस० अप

यानंतर पुन्हा आयपी लिंक द्यावी. आता “नो-कॅरियर” असे दिसले, तर कार्ड जागे आहे पण तारेतून काहीच येत नाही. केबल नीट खटकन बसली आहे का, दुसऱ्या टोकाला राउटर किंवा स्विच चालू आहे का, पोर्टजवळचा बारीक दिवा लागला आहे का, हे येथेच बघून घ्यावे. केबलच्या टोकावरची प्लास्टिकची खिटी मोडली असेल, तर ती खोबणीत बसल्यासारखी वाटते आणि टेबल हलले की सुटते. अशी केबल बदलावी. “लोअर-अप” हा शब्द दिसला की तारेचे काम झाले.

कार्डाची नोंदच नसेल तर प्रश्न वेगळा आहे. बरीच कार्डे, विशेषतः वायफायची, कंपनीने दिलेले फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर, मिळाल्याशिवाय सुरू होत नाहीत. ते मुक्त परवान्याचे नसल्यामुळे डेबियन पूर्वी आपल्या अधिकृत प्रतीत घालत नसे. २०२२ मध्ये प्रकल्पाच्या सभासदांनी मतदानाने हा नियम बदलला आणि बाराव्या आवृत्तीपासून फर्मवेअर प्रतीतच येते. म्हणून अकरावी किंवा त्याआधीची सीडी जपून ठेवली असेल आणि कार्ड दिसत नसेल, तर आधी नवी प्रत घ्यावी.

मात्र फर्मवेअर आणायला नेट लागते आणि नेटसाठी फर्मवेअर लागते. या कोंडीतून अँड्रॉइड फोन सोडवतो. फोन यूएसबी केबलने संगणकाला जोडून त्याच्या सेटिंगमधील हॉटस्पॉटच्या विभागात “यूएसबी टिदरिंग” चालू केले, की आयपी लिंकमध्ये एक नवी नोंद उगवते. तिचे नाव बहुधा ईएनएक्स या अक्षरांनी सुरू होते आणि पुढे बारा अक्षरे-आकडे असतात. लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे गाभ्याला, ही जोडणी ओळखता येते, तिला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. जेथे ब्रॉडबँडची तार अजून पोचलेली नाही, तेथे मी पहिले सर्व पॅकेज अशाच रीतीने उतरवून घेतो.

पत्ता: राउटरकडून मागावा की स्वतः द्यावा

तार जुळली की पत्ता. घरच्या आणि छोट्या कार्यालयाच्या राउटरमध्ये डीएचसीपी नावाची सोय असते. जो संगणक विचारेल त्याला ती काही काळासाठी पत्ता देते, सोबत बाहेरची वाट आणि नावे उकलणाऱ्या सर्व्हरचा पत्ताही देते. संगणक फक्त वापरण्यासाठी असेल, तर एवढे पुरते. त्यासाठी नॅनो या संपादकात ही फाइल उघडावी:

नॅनो /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस

बदल करण्याआधी सीपी कमांडने या फाइलची एक प्रत काढून ठेवावी. फाइलमध्ये एलओच्या दोन ओळी आधीपासून असतात, त्या तशाच राहू द्याव्यात. त्यांच्याखाली या दोन ओळी लिहाव्यात:

अलाउ-हॉटप्लग ईएनपी३एस०
आयफेस ईएनपी३एस० आयनेट डीएचसीपी

येथे आयफेस म्हणजे आय या अक्षराला जोडून फेस हा शब्द, आणि आयनेट म्हणजे आय या अक्षराला जोडून नेट. पहिल्या ओळीचा अर्थ असा, की कर्नलला हे कार्ड दिसले की जोडणी उभी करावी. तिच्या जागी ऑटो हा शब्दही चालतो; त्याने संगणक सुरू होतानाच जोडणी उभी केली जाते. आपल्याकडे वीज जाते आणि येते तेव्हा संगणक व राउटर एकदमच सुरू होतात. राउटरला तयार व्हायला वेळ लागतो, तोवर संगणक पत्ता मागत ताटकळतो आणि पडद्यावर “रेझ नेटवर्क इंटरफेसेस” या कामाची वाट पाहत असल्याचा संदेश येतो. शेजारी पाच मिनिटांची मर्यादा लिहिलेली असते. हे पाहून संगणक बिघडला असे समजून पुन्हा बटण दाबू नये. तो राउटरचीच वाट पाहत असतो.

नॅनोमध्ये कंट्रोल आणि ओ दाबून फाइल साठवावी, कंट्रोल आणि एक्स दाबून बाहेर यावे आणि मग द्यावे:

इफअप ईएनपी३एस०

आता आयपी अ‍ॅड्रेस ही कमांड दिली, की कार्डाच्या नोंदीत आयनेट या शब्दापुढे १९२.१६८.१.१०५/२४ असा काहीसा पत्ता दिसेल. त्याच नोंदीत आयनेट६ या शब्दापुढे एफई८० ने सुरू होणारा लांबलचक पत्ताही असतो. तो कार्डाने स्वतःसाठी तयार केलेला असतो आणि राउटर बंद असला तरी दिसतो, म्हणून तो पाहून जोडणी झाली असे मानू नये. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर डीएचसीपीकडून उत्तर आले नाही असे समजावे.

ज्या संगणकाकडे इतरांनी यायचे आहे, उदाहरणार्थ ज्यावर ग्रंथसूची किंवा सर्वांच्या फाइली ठेवल्या आहेत, त्याचा पत्ता मात्र रोज बदलून चालत नाही. त्याला कायमचा पत्ता द्यावा लागतो आणि चुकांचे खरे माहेरघर तेच आहे.

एका वाचनालयात सूचीचा संगणक मांडताना मी १९२.१६८.१.१० हा पत्ता निवडला होता. आधी त्या पत्त्याला पिंग करून, म्हणजे हाक मारून, पाहिले, उत्तर आले नाही, म्हणून पत्ता मोकळा आहे असे धरून चाललो. सकाळी सर्व सुरळीत चाले. दुपारी सूची कधी उघडे, कधी उघडत नसे. दोन दिवस मी केबल आणि स्विच तपासत बसलो. तिसऱ्या दिवशी लक्षात आले, की दुपारी कोणीतरी प्रिंटर चालू करते आणि त्याच प्रिंटरला पूर्वी कोणीतरी त्याच्या पॅनेलवरून .१० हा पत्ता पक्का करून ठेवला होता. मी पिंग केले तेव्हा तो बंद होता. पिंगला उत्तर न येण्याचा अर्थ तो पत्ता कोणाचाच नाही असा होत नाही, हे मी तेव्हा शिकलो.

म्हणून पत्ता निवडण्याआधी राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन डीएचसीपी कोणत्या आकड्यापासून कोणत्या आकड्यापर्यंत पत्ते वाटते ते पाहावे आणि त्या पट्ट्याच्या बाहेरचा आकडा घ्यावा. प्रिंटर, कॅमेरे, हजेरीचे यंत्र अशा प्रत्येक उपकरणाचा पत्ता त्याच्या पॅनेलवरून उतरवून घ्यावा. वाटप १०० ते २०० असेल, तर ५० हा आकडा ठीक. पत्त्याच्या शेवटी लिहिले जाणारे /२४ हे पत्त्याइतकेच महत्त्वाचे आहे. पहिले तीन आकडे आपल्या नेटवर्कचे आणि शेवटचा आकडा संगणकाचा, असे ते सांगते. त्यातून २५६ पत्ते होतात आणि पहिला व शेवटचा वगळून २५४ वापरता येतात. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते, १० ने सुरू होणारे पत्ते आणि १७२.१६ ते १७२.३१ हा पट्टा खाजगी वापरासाठी राखलेला आहे. १९९६ च्या मानकाने ही विभागणी ठरलेली आहे, त्यामुळे मनाने भलताच आकडा घेऊ नये.

फाइल बदलण्याआधी आणखी एक काम करायचे असते आणि ते बहुतेक जण विसरतात. आधी जुनी जोडणी सोडवावी:

इफडाउन ईएनपी३एस०

फाइल आधी बदलली आणि मग इफडाउन दिले, तर ती कमांड नवी फाइल वाचते. डीएचसीपीची आधीपासून चालू असलेली प्रक्रिया तशीच मागे राहते आणि थोड्या वेळाने जुना पत्ता पुन्हा हजर होतो. मात्र दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने (दुरून कमांड देण्याच्या सोयीने) आत आला असाल, तर ही कमांड दिल्याक्षणी तुमचीच जोडणी तुटेल. कायमचा पत्ता देण्याचे काम त्या संगणकासमोर बसूनच करावे. त्यानंतर फाइलमध्ये डीएचसीपीच्या ओळीऐवजी लिहावे:

आयफेस ईएनपी३एस० आयनेट स्टॅटिक
अ‍ॅड्रेस १९२.१६८.१.५०/२४
गेटवे १९२.१६८.१.१

आणि पुन्हा इफअप द्यावे. गेटवे म्हणजे बाहेरची वाट, येथे राउटरचा पत्ता; ही ओळ संपूर्ण फाइलमध्ये एकदाच असावी. दोन कार्डे असली तरी बाहेरची मुख्य वाट एकच.

वाट

वाटेची तपासणी लवकर उरकते. आयपी रूट ही कमांड दिल्यावर “डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.१.१” अशी ओळ दिसली पाहिजे. मग आधी राउटरला आणि नंतर बाहेरच्या एखाद्या आकडी पत्त्याला हाक मारावी:

पिंग -सी ४ १९२.१६८.१.१
पिंग -सी ४ १.१.१.१

-सी ४ मुळे चारच हाका जातात. एरवी लिनक्समधील पिंग कंट्रोल आणि सी दाबेपर्यंत थांबत नाही. पहिल्याला उत्तर आले आणि दुसऱ्याला आले नाही, तर तुमच्या संगणकाचे काम बहुधा झालेले आहे आणि दोष राउटरच्या पलीकडे आहे.

उत्तर येत नाही तेव्हा पिंग काय म्हणते ते नीट वाचावे, कारण तिचा प्रत्येक शब्द वेगळ्या पायरीकडे बोट दाखवतो. “नेटवर्क इज अनरीचेबल” म्हणजे बाहेरची वाट लिहिलेलीच नाही. गेटवेची ओळ पाहावी. “डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल” असे तुमच्याच पत्त्यावरून आले, तर वाट आहे, पण त्या पत्त्यावर “मी येथे आहे” असे कोणी म्हणत नाही. गेटवेचा आकडा चुकला असेल, राउटर बंद असेल किंवा केबल दुसऱ्याच स्विचला लावली असेल. आणि “टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन” असे आले, तर पत्त्याला किंवा वाटेला हात लावू नये. ती तक्रार चौथ्या पायरीची आहे.

नाव

संकेतस्थळांची नावे कोणाला विचारायची, ते या फाइलमध्ये लिहिलेले असते:

/ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ

रिझॉल्व्ह या इंग्रजी शब्दाच्या शेवटी ई हे अक्षर असते, पण या फाइलच्या नावात ते नाही. ई लावून नवी फाइल तयार करणारे आणि मग तासभर चूक शोधणारे मी पाहिले आहेत. फाइलमध्ये एवढेच असते:

नेमसर्व्हर १९२.१६८.१.१
नेमसर्व्हर ९.९.९.९

डीएचसीपी असेल तर ही फाइल आपोआप लिहिली जाते आणि हाताने केलेला बदल पुसला जातो. कायमचा पत्ता दिला असेल तर ती आपणच लिहायची. अनेक ठिकाणी इंटरफेसेस फाइलमध्येच डीएनएस-नेमसर्व्हर्स अशी ओळ लिहायला सांगितलेले असते. ती ओळ रिझॉल्व्हकॉन्फ नावाचे वेगळे पॅकेज बसवलेले असेल तरच उपयोगी पडते. ते नसेल तर चूकही दाखवली जात नाही आणि नावेही उकलत नाहीत. छोट्या संगणकावर मी ते पॅकेज न बसवता फाइल सरळ हाताने लिहितो.

सर्व्हरांचा क्रमही विचार करून ठेवावा. जास्तीत जास्त तीन सर्व्हर वाचले जातात आणि दर वेळी पहिल्यालाच आधी विचारले जाते. तो बंद असेल तर पाच सेकंद वाट पाहून मग दुसऱ्याकडे जातात. “नेट आहे, पण प्रत्येक पान उघडायला वेळ लागतो आणि उघडले की भराभर चालते” अशी तक्रार आली, तर मी वेग मोजण्याआधी या फाइलची पहिली ओळ पाहतो. तपासणीसाठी:

गेटएंट होस्ट्स डेबियन.ऑर्ग

गेटएंट म्हणजे गेट या शब्दाला जोडून ई, एन, टी ही अक्षरे. पत्ता छापला गेला तर नावाचे काम झाले.

कार्यालयातल्या आपल्याच संगणकांना नावाने हाक मारायची असेल, तर /ईटीसी/होस्ट्स या फाइलमध्ये पत्ता आणि पुढे नाव, अशी एकेक ओळ लिहावी. नेहमीच्या मांडणीत बाहेरच्या सर्व्हरला विचारण्याआधी ही फाइल पाहिली जाते. तीत १२७.०.१.१ या पत्त्यापुढे संगणकाचे स्वतःचे नाव डेबियनने लिहिलेले असते. ती ओळ चुकून लिहिलेली वाटते, पण ती काढू नये.

डेस्कटॉप किंवा वायफाय असेल तर

डेस्कटॉप बसवलेला असला, की जोडणीचे काम नेटवर्कमॅनेजर हा कार्यक्रम पाहतो. तो इंटरफेसेस फाइलमध्ये नोंदलेल्या कार्डाला स्पर्श करत नाही आणि त्याच्या यादीत ते “अनमॅनेज्ड” असे दिसते. एका कार्डाची जबाबदारी एकाकडेच द्यावी: फाइलमध्ये ओळी लिहिल्या असतील तर तेथूनच चालवावे, नाहीतर त्या ओळी काढून संगणक पुन्हा सुरू करावा. वायफायसाठी मी नेटवर्कमॅनेजरच सुचवीन. एनएमटीयूआय ही कमांड दिली की अक्षरी मेनू उघडतो. त्यातील “अ‍ॅक्टिव्हेट अ कनेक्शन” निवडून, यादीतून आपल्या वायफायचे नाव घेऊन पासवर्ड दिला की झाले. कायमचा पत्ताही त्याच मेनूत, “एडिट अ कनेक्शन” मध्ये देता येतो. वायफायचा पासवर्ड इंटरफेसेस फाइलमध्ये लिहायचाच असेल, तर सीएचमॉड ६०० देऊन ती फाइल इतरांना वाचता येणार नाही असे करावे.

सर्व जुळल्यावर संगणक एकदा पूर्ण बंद करावा, राउटरही बंद करावा आणि वीज गेल्यावर जसे होईल तसे दोन्ही एकदम सुरू करावेत. नुसत्या कमांडने उठवलेले कार्ड आणि फाइलमध्ये लिहिलेली मांडणी यांतला फरक तेव्हाच कळतो. दुसऱ्या संगणकावरून १९२.१६८.१.५० ला पिंग करून उत्तर आले, की कार्डाचे नाव, पत्ता, गेटवे आणि नेमसर्व्हर या चार गोष्टी तारखेसह एका कागदावर लिहून तो संगणकाच्या कॅबिनेटला आतल्या बाजूने चिकटवावा.